धरून बसणारा मासा: समुद्रघोड्याविषयी विचारलेल्या चार प्रश्नांचं उत्तर

प्रश्न असे आहेत: समुद्रघोडा खरंच मासा आहे का? त्याचा नर बाळंत होतो म्हणतात ते कितपत खरं? जोडीदार गेला की मागे राहिलेला झुरून मरतो का? आणि घरच्या टाकीत तो पाळता येईल का? माझ्या नोकरीचा मोठा काळ समुद्रघोड्यांची पिल्लं टाक्यांत जगवण्यात गेला, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

पहिल्याचं उत्तर लहान आहे. हो, मासाच. कल्ल्यांनी श्वास घेतो, त्याला पर आहेत, आणि पोटात तरंगण्यासाठी हवेची पिशवी आहे. खवले मात्र नाहीत. त्यांच्या जागी हाडांच्या पट्ट्यांची कडी एकापुढे एक रचलेली असतात आणि त्यांवर पातळ कातडी ताणून बसवलेली असते. वाळलेला समुद्रघोडा वर्षानुवर्षं आकार धरून राहतो तो याच सांगाड्यामुळे. नळीमासे आणि ऑस्ट्रेलियातले सी-ड्रॅगन हे याचे सख्खे भाऊबंद. जगभरात समुद्रघोड्यांच्या पंचेचाळीसच्या आसपास जाती ज्ञात आहेत. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडचा पोटाळ समुद्रघोडा ३५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो, तर समुद्रपंखा नावाच्या प्रवाळांवर राहणाऱ्या काही बुटक्या जाती दोन सेंटिमीटरही भरत नाहीत.

बाकीच्या प्रश्नांकडे वळण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करून घ्या. इतर मासे पोहून जगतात; हा धरून बसून जगतो. त्याच्या अंगातलं जे जे विचित्र वाटतं, त्यातलं बहुतेक सगळं या एका सवयीतून उलगडतं, आणि त्याच्यावर आज जे संकट आलंय त्याचं मूळही तिथेच आहे.

पोहण्यात तो दुबळाच. इतर मासे ज्या शेपटीच्या परानं पाणी मागे ढकलतात तो पर याला नाही. पाठीवरचा एक छोटा पर सेकंदाला तीसपेक्षा जास्त वेळा थरथरवून तो पुढे सरकतो. गालांजवळचे दोन चिमुकले पर, जे लांबून कानांसारखे दिसतात, ते दिशा सांभाळतात. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरचा बुटका समुद्रघोडा जगातला सर्वांत संथ मासा म्हणून नोंदला गेलाय. तासाभरात तो जेमतेम दीड मीटर जातो. वादळानंतर समुद्रघोडे किनाऱ्यावर येऊन पडतात, कारण धरलेलं गवत एकदा सुटलं की लाटेपुढे त्यांचं काही चालत नाही.

पण शेपटीची पकड बघा. सजीवांच्या शेपट्या बहुतेक गोल असतात. याची आडवी कापली तर चौकोनी दिसते. २०१५ साली काही संशोधकांनी त्रिमिती छपाईनं चौकोनी आणि गोल अशा दोन्ही प्रकारच्या शेपट्यांच्या प्रतिकृती बनवून त्या दाबून, पिळून पाहिल्या. गोल शेपटी दाबली की फाकते आणि बिघडते. चौकोनीतल्या पट्ट्या एकमेकींवर सरकतात आणि दाब सुटला की जागेवर येतात. शिवाय सपाट बाजू धरलेल्या वस्तूला जास्त टेकते, म्हणून पकडही चांगली. खेकड्याच्या नांगीत सापडणाऱ्या प्राण्याला या दोन्ही गोष्टी हव्यातच. माझ्या बोटाला शेपटीचा वेढा घालून बसलेला समुद्रघोडा सोडवायचा तर ओढून भागत नाही. हात पाण्यात तसाच स्थिर ठेवायचा आणि तो स्वतःहून सोडेपर्यंत थांबायचं. ओढाताण केली तर पट्ट्यांवरची कातडी सोलवटते आणि तिथे जंतुसंसर्ग होतो.

हा उभा मासा झाला कधी? स्लोव्हेनियात सापडलेले समुद्रघोड्यांचे जीवाश्म सुमारे १ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीचे आहेत, आणि त्यातले प्राणी आजच्यासारखेच उभे आहेत. जनुकांच्या तुलनेवरून काढलेला अंदाज आणखी मागे जातो: साधारण अडीच कोटी वर्षांपूर्वी, हिंद-प्रशांत भागात उथळ समुद्र वाढले आणि समुद्री गवताची कुरणं पसरली त्या काळात. उभ्या पात्यांत उभा मासा लपतो. मला हे स्पष्टीकरण पटतं, कारण टाकीत नायलॉनच्या दोरीची उभी झुडपं लावली की तिथे ते तासन्‌तास निवांत असतात, आणि झुडपं काढली की अस्वस्थ होऊन काचेजवळ येरझारा घालतात.

मानेचा बाकही शोभेचा नाही. नळीमाशाचं अंग सरळ असतं, त्याला पोहत भक्ष्याजवळ जावं लागतं. समुद्रघोडा जागचा हलत नाही, पण वाकलेली मान झटक्यात वर उचलताना त्याचं तोंड सरळ अंगाच्या माशापेक्षा दूरवर पोचतं. २०११ साली बेल्जियममधल्या संशोधकांनी हे गणिती प्रतिमान वापरून दाखवलं. म्हणजे घोड्यासारखा दिसणारा हा आकार मुळात बसल्या जागेवरून शिकार करण्यासाठी घडलाय.

शिकार होते तीही पाहण्यासारखी. दोन डोळे स्वतंत्रपणे फिरतात. एक मागे, एक पुढे. भक्ष्य म्हणजे बहुधा कोपेपॉड नावाचे सूक्ष्म कवचधारी जीव किंवा कोलंबीची पिल्लं. कोपेपॉड पाण्यातली बारीकशी हालचाल ओळखून विजेच्या वेगानं सटकतो. समुद्रघोड्याच्या नाकाडाची घडण अशी आहे की त्याच्या टोकापुढचं पाणी जवळजवळ हलत नाही, म्हणून तो अगदी मिलिमीटरभर जवळ येईपर्यंत भक्ष्याला पत्ता लागत नाही. मग ताणलेला रबर सुटावा तशी मानेतली स्नायुरज्जू सुटते, डोकं वर फेकलं जातं आणि नळीसारख्या तोंडात पाण्यासकट भक्ष्य ओढलं जातं. एक-दोन हजारांश सेकंदांचा मामला. शांत पाण्यात बुटक्या समुद्रघोड्याचे दहापैकी नऊ हल्ले यशस्वी होतात असं २०१३ सालच्या एका अभ्यासात दिसलं. कोणत्याही शिकारी प्राण्यासाठी हा आकडा फार मोठा आहे. खाताना ‘टिक्’ असा आवाज येतो. कवटीची दोन हाडं एकमेकांवर घासून तो होतो. रात्रीच्या शांततेत, पंप बंद असेल तर, काचेबाहेरूनही तो ऐकू येतो, आणि टिकटिक चालू आहे म्हणजे टाकी निरोगी आहे हे न बघताही कळतं.

दात नाहीत, जठरही नाही. अन्न तोंडातून थेट आतड्यात जातं आणि अर्धवट पचून लवकर बाहेर पडतं. म्हणून याला दिवसभर थोडं थोडं खात राहावं लागतं. दातांविषयी एक छान पुरावा २०१६ साली मिळाला: आग्नेय आशियातल्या ‘टायगर टेल’ जातीचा संपूर्ण जनुकसंच वाचला तेव्हा दातांवरच्या कडक थरासाठी लागणारी काही जनुकं त्यातून हरवलेली दिसली. पोटाखालच्या परांच्या वाढीसाठी लागणारं एक जनुकही नव्हतं. तेच जनुक झेब्राफिशमध्ये बंद करून पाहिलं तर त्या माशांनाही पोटाखालचे पर आले नाहीत.

आता बाळंतपण. यातलं सगळं खरं आहे, आणि ऐकीव माहितीपेक्षा ते कितीतरी अद्भुत आहे.

मादी अंडी तयार करते, पण ती पोटाबाहेर सांभाळत नाही; नराच्या पोटावरच्या पिशवीत सोडते. त्याआधी प्रणयाराधन चालतं, कधी काही तास, कधी रोज सकाळी थोडं थोडं करत दोन-तीन दिवस. रंग उजळतात, शेपट्या गुंफल्या जातात, नर पिशवीत पाणी भरून ती फुगवून दाखवतो. शेवटी दोघं एकमेकांसमोर उभी पाण्यात वर वर तरंगत जातात आणि त्या काही सेकंदांत मादी अंडी देते. टाकी उथळ असली तर इथेच घात होतो. वर जायला जागा नसते, जुळणी चुकते आणि अंडी तळाशी सांडतात. समुद्रघोड्यांची टाकी रुंदीपेक्षा उंचीला जास्त हवी ती एवढ्यासाठी. नवीन येणाऱ्या मुलांना मी सगळ्यात आधी हेच सांगते.

पिशवीत गेल्यावर अंडी फलित होतात. ही पिशवी निव्वळ झोळी नसते. आतलं अस्तर सुजतं, त्यात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं होतं, प्रत्येक अंडं त्यात रुतून बसतं. त्यातून प्राणवायू मिळतो, टाकाऊ द्रव्यं बाहेर जातात, हाडांसाठी कॅल्शियम मिळतं आणि बलकाबरोबर थोडी चरबीही पुरवली जाते. सस्तन मादीची वार जी कामं करते त्यांतली बरीचशी इथे बाप करतो. आतल्या पाण्याची क्षारताही तो सांभाळतो: सुरुवातीला ती त्याच्या रक्ताच्या जवळची असते आणि दिवस भरत येतील तशी बाहेरच्या समुद्राकडे सरकत जाते, म्हणजे पिल्लं बाहेर पडली की त्यांना धक्का बसत नाही. दिवस भरायला दोन ते चार आठवडे लागतात. पाणी जितकं उबदार तितके कमी.

प्रसूतीबद्दल मला फार आवडणारी गोष्ट २०२२ सालची आहे. माणसात कळा येतात त्या गर्भाशयाच्या अनैच्छिक स्नायूंमुळे, आणि त्यांना चालना देतं ऑक्सिटोसिन हे संप्रेरक. माशांत त्याचाच भाऊबंद असलेलं आयसोटोसिन असतं. साहजिकच सगळ्यांना वाटत होतं की नर समुद्रघोड्याच्या पिशवीलाही तशाच कळा येत असणार. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी पोटाळ समुद्रघोड्याच्या पिशवीचा तुकडा घेऊन त्यावर आयसोटोसिन टाकून पाहिलं. तो आकसलाच नाही. बारकाईनं पाहिल्यावर कळलं की पिशवीत अनैच्छिक स्नायू अगदी थोडे आहेत. तिच्या तोंडाशी, गुदपराच्या हाडांना जोडलेले भरघोस ऐच्छिक स्नायू मात्र आहेत, आणि ते नरात मादीपेक्षा कितीतरी मोठे आहेत. म्हणजे पिशवीचं तोंड बाप स्वतःच्या इच्छेनं उघडतो. पुढे-मागे वाकून, अंग दाबून, पाण्याच्या झोतासकट पिल्लं बाहेर फेकतो. टाकीजवळ उभं राहून पाहताना ते तसंच दिसतं: शेपटी घट्ट धरलेली, अंग कमानीसारखं मागे, मग झटकन पुढे, आणि प्रत्येक झटक्याला पिल्लांचा एक लोंढा. हे बहुधा पहाटेच्या अंधारात होतं. दमलेला नर मध्येच थांबतो, पुन्हा सुरू करतो. आणि दिवस उजाडल्यावर, कधी त्याच दिवशी, मादी नव्या अंड्यांसह समोर हजर असते.

नरानंच दिवस का सोसावेत? माझं मत असं: मादीला एकामागून एक अंड्यांच्या खेपा तयार करायला पुष्कळ अन्न लागतं. नर एक खेप वाढवत असताना ती पुढची तयार करते. कोणाचाच वेळ फुकट जात नाही. आणि अंडी त्याच्याच बंद पिशवीत फलित होत असल्यामुळे पिल्लं आपलीच आहेत याबद्दल नराला शंका उरत नाही. नळीमाशांत याच्या सगळ्या पायऱ्या आजही पाहायला मिळतात. काहींत अंडी नराच्या पोटाला नुसती चिकटलेली असतात, काहींत त्यांवर कातडीचे पदर येतात. समुद्रघोड्यात ती पिशवी पूर्ण मिटली.

पिल्लं जातीनुसार मूठभर ते हजार-दोन हजार. आपल्याकडच्या पिवळ्या समुद्रघोड्याला एका वेळी काहीशे होतात. ती जन्मतःच घडलेली असतात: नाकाड, शेपटी, पाठीवरचा पर, सगळं. त्या क्षणापासून आईबापांचा संबंध संपतो. निसर्गात ती काही आठवडे प्लवकांबरोबर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांबरोबर, वाहत राहतात आणि हजारात पाचही मोठी होत नाहीत असा अंदाज आहे. टाकीतही पहिले दोन आठवडे जिवावरचे असतात. पिल्लं उजेडाकडे ओढली जातात, पृष्ठभागाशी येतात, खाण्याच्या नादात हवेचा बुडबुडा गिळतात आणि मग बुचासारखी आडवी तरंगत उपाशी मरतात. त्यासाठी टाकीचा वरचा भाग काळ्या कागदानं झाकायचा, पाणी हळूहळू गोल फिरत ठेवायचं. खायला आर्टेमिया या बारीक कवचधारी जीवाची अंड्यातून नुकती फुटलेली पिल्लं देतात, पण त्यांत हवी ती मेदाम्लं कमी असतात. त्यांना आधी तेलाचं पोषण भरवावं लागतं. कोपेपॉड मिळाले तर उत्तमच. मोठ्यांना गोठवलेला जवळा खायची सवय लावता येते, पण मेलेला जवळा हलत नाही, आणि न हलणारी वस्तू समुद्रघोड्याला अन्न वाटत नाही. पाण्याच्या प्रवाहावर तो नाचवत नेऊन शिकवावं लागतं. एकानं शिकलं की शेजारचे बघून उचलतात.

जोडीदाराच्या निष्ठेबद्दल. समुद्री जीवशास्त्रज्ञ अमांडा व्हिन्सेंट यांनी ऑस्ट्रेलियात पाण्याखाली राहून जे निरीक्षण केलं त्यातून समुद्रघोड्यांच्या जोड्यांची माहिती जगाला झाली. रोज पहाटे मादी नराच्या ठिकाणी येते, दोघांचे रंग उजळतात, शेपट्या गुंफून दोघं थोडा वेळ एका गवताभोवती फिरतात, मग ती आपल्या वाटेनं जाते. नर पोटुशी असताना हे रोज चालतं. याचा उपयोग उघड आहे: प्रसूती कधी होणार याचा तिला अंदाज राहतो आणि अंडी वेळेवर तयार होतात. जागा न सोडणाऱ्या, विरळ राहणाऱ्या माशाला नवा जोडीदार शोधणं महागात पडतं, म्हणून आहे तो धरून ठेवणं शहाणपणाचं. पण झुरून मरण्याची कथा खरी नाही. जोडीदार गेला की पुन्हा जोडी जमायला वेळ लागतो, पण जमते. आणि सगळ्याच जाती एकनिष्ठ नाहीत. पोटाळ समुद्रघोडे टाकीत एकाहून अधिक जोडीदारांशी सर्रास प्रणय करतात.

आता संकट. ट्रॉलरचं जाळं तळ खरवडत येतं तेव्हा इतर मासे निदान पळायचा प्रयत्न करतात. समुद्रघोडा धोका जाणवला की आहे ते आणखी घट्ट धरतो. लपून राहण्याचं कोट्यवधी वर्षांचं शिक्षण इथे त्याचा जीव घेतं. २१ देशांतल्या नोंदींवरून २०१७ साली केलेल्या एका अंदाजानुसार वर्षाला सुमारे ३ कोटी ७० लाख समुद्रघोडे असे जाळ्यात सापडतात, बहुतेक इतर मासळीबरोबर, कोणी मुद्दाम न पकडता. मग ते वाळवून पारंपरिक चिनी औषधांच्या बाजारात जातात. काही शोभेच्या वस्तू म्हणून, काही जिवंत मत्स्यालयांसाठी. एक नर मेला तर पिशवीतली पिल्लंही गेली आणि तिकडे एका मादीचा हंगामही बुडाला. २००२ साली चिलीतल्या सांतियागोच्या परिषदेत समुद्रघोड्यांच्या सगळ्या जाती वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घेतल्या गेल्या आणि मे २००४ पासून त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं आली. त्यानं फरक पडला, पण वाळवलेला समुद्रघोडा लहान, हलका, लपवायला सोपा असतो. चोरटा व्यापार थांबलेला नाही.

भारतात मन्नारचं आखात आणि पाल्कची सामुद्रधुनी ही समुद्रघोड्यांची मोठी ठिकाणं. तिथे एकेकाळी पाणबुडे त्यांना हातानं वेचून आणत. २००१ साली वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच यादीत, त्यांना स्थान मिळालं आणि पकडणं, बाळगणं, विकणं गुन्हा ठरलं. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही, गोव्या-कोकणच्या खाड्यांच्या मुखांशी, पिवळा समुद्रघोडा राहतो; गोव्यातल्या दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत या जातीला टाकीत वाढवण्यावर काम झालंय.

जागा गेली तर समुद्रघोडा दुसरीकडे सहज जाऊ शकत नाही, म्हणून धरायला काहीतरी देणं हाच कधी कधी उपाय ठरतो. सिडनीच्या आसपासच्या धोक्यात आलेल्या व्हाइट्स समुद्रघोड्यासाठी तिथल्या शास्त्रज्ञांनी लोखंडी जाळीचे पिंजरे समुद्रतळाशी ठेवले. त्यांवर शेवाळ, स्पंज उगवले, बारीक जीव आले, आणि समुद्रघोडे राहायला आले. २०२० साली मत्स्यालयात वाढवलेली पिल्लं तिथे सोडण्यात आली. पिंजरे यथावकाश गंजून जातात, तोवर त्यांच्यावर वाढलेला जीवसमूह उरतो. कोकणातल्या एखाद्या खाडीत असं काही करावं अशी माझी फार इच्छा आहे, पण आधी तिथलं गवत आणि तिवरं आहेत ती राखली तर पिंजऱ्यांची गरजच कमी पडेल.

तेव्हा शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, घरी पाळू नका. कायद्यानं मनाई आहेच, आणि ती नसती तरी रोज अनेकदा जिवंत खाणं, थंडगार नाही पण स्थिर तापमानाचं स्वच्छ खारं पाणी आणि उंच टाकी हे घरात निभत नाही. ‘ब्रीड केलेला आहे’ असं सांगून कोणी विकत असेल तर त्याच्याकडून घेऊ नका.

रापणीत किंवा जाळ्यात जिवंत समुद्रघोडा दिसला तर ओल्या हातानं, शक्यतो पाण्यातच ठेवून, लगेच सोडून द्या. गवत किंवा दोरी जवळ असेल तिथे सोडलात तर तो लगेच धरेल. मेलेला असेल तर घरी आणू नका, वन विभागाच्या जवळच्या कार्यालयाला कळवा. पाण्यात दिसला आणि कॅमेरा हाताशी असेल तर फ्लॅश न वापरता एका बाजूनं पूर्ण अंगाचा फोटो घ्या, डोक्यावरचा तुरा स्पष्ट येईल असा. तुऱ्याची ठेवण प्रत्येकाची वेगळी असते आणि तेवढ्यावरून तोच प्राणी पुन्हा ओळखता येतो. प्रोजेक्ट सीहॉर्स या संस्थेच्या ‘आयसीहॉर्स’ उपक्रमात अशा नोंदी देता येतात. नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. नोंदीत पाण्याची खोली, तळ वाळूचा की चिखलाचा, आणि शेपटीनं काय धरलं होतं हे जरूर लिहा. गवत, फांदी, दोरी की प्लॅस्टिक, यावरून त्या खाडीची अवस्था कळते.